वर्ग सांभाळून मुख्याध्यापकाचा चार्ज: नव्याने जबाबदारी आलेल्यांसाठी

जून उजाडला की मला दोन-चार फोन हमखास येतात. "बाई, आमच्या गुरुजींची बदली झाली, चार्ज माझ्याकडे आलाय. आधी काय बघू?" फोन करणारे बहुतेक तिशीतले असतात, वर्गात चांगलं शिकवणारे, पण आवाजात धास्ती. अर्ध्या तासाच्या फोनमध्ये सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे क्रमाने लिहिते आहे.

हे जिल्हा परिषदेच्या लहान प्राथमिक शाळांसाठी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक धरला आहे तो दीडशेच्या वर मुलं असतील तर. वस्ती-तांड्यावर एवढा पट कुठून असणार? तिथे सेवाज्येष्ठ शिक्षकाकडे चार्ज येतो आणि त्याचे दोन-तीन वर्गही त्याच्याकडेच राहतात. लिपिक नाही, शिपाई नाही. बालाघाटच्या डोंगरातल्या अशाच एका शाळेत मी सात वर्षं प्रभारी होते. पट साठ-पासष्टचा, मंजूर शिक्षक तीन, प्रत्यक्षात बराच काळ दोन. त्या सात वर्षांत दोन सवयींनी मला तारलं: प्रत्येक कामाला आठवड्यातला ठरलेला वेळ देणं, आणि शाळेत जे कमी आहे ते वरच्या कार्यालयाकडे लेखी मागणं. पुढचं सगळं त्याभोवतीच आहे.

## १. चार्ज मोजून घ्या

मी चार्ज घेतला तेव्हा आधीच्या गुरुजींना दुसऱ्या दिवशी नव्या शाळेत हजर व्हायचं होतं. चार्ज यादी तयार होती. त्यात लिहिलं होतं, तांदूळ शिल्लक १८४ किलो. मी कोठीत डोकावले, भिंतीला लावलेली पोती दिसली, सही केली. आठ दिवसांनी साठा नोंदवहीचा मेळ घालायला शेजारच्या किराणावाल्याकडून ताणकाटा आणला आणि एकेक पोतं टांगलं. भरले १३१ किलो. ५३ किलो तांदूळ कागदावर होता, कोठीत नव्हता. उंदरांनी नेला, की कधी वाटप होऊन नोंद राहिली, हे मला आजही सांगता येणार नाही. यादीवर सही माझी होती, खुलासा मला द्यावा लागला आणि तांदूळही मीच भरून दिला.

म्हणून चार्ज घ्यायला एक अख्खा दिवस ठेवा. शक्यतो केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्यावर देखरेख करणारे) समक्ष बोलवा. काटा आणा. पुढची यादी हातात ठेवून एकेक बाब प्रत्यक्ष पाहा:

- जनरल रजिस्टरचे (शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असते ते) सगळे जुने-नवे खंड. पानं सुटली आहेत का आणि शेवटचा नोंदणी क्रमांक कोणता
- शाळा सोडल्याच्या दाखल्यांची पुस्तकं, कोऱ्या दाखल्यांचे क्रमांक
- विद्यार्थी हजेरी, शिक्षक हजेरी (मस्टर), किरकोळ रजा नोंदवही, हालचाल रजिस्टर
- कीर्द (जमाखर्चाची वही), पासबुकं, व्हाउचरची फाईल, दिलेल्या उपयोगिता प्रमाणपत्रांच्या (निधी कशावर खर्च झाला त्याच्या दाखल्यांच्या) प्रती
- डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही. बाकं, टीव्ही, टॅब, गॅस टाक्या, भांडी यांचा प्रत्यक्ष ताळा
- पोषण आहाराची साठा नोंदवही आणि चव नोंदवही
- शाळा व्यवस्थापन समितीचं प्रोसिडिंग (बैठकांचं इतिवृत्त)
- आवक-जावक रजिस्टर, शेरेबुक
- जागेचे कागद: बक्षीसपत्र, सातबारा किंवा नमुना ८ चा उतारा
- वीजमीटरचा ग्राहक क्रमांक, शेवटचं बिल, थकबाकी

जे सापडत नाही त्यासमोर "प्रत्यक्षात आढळले नाही" असं लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत केंद्रप्रमुखांकडे देऊन पोच घ्या. यात आधीच्या माणसावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं, पण तसं नाही. त्यांचीही त्यातून सुटका होते.

जनरल रजिस्टरबद्दल वेगळं सांगते, कारण शाळेतला सगळ्यात मोलाचा कागद तोच. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची नोंद शोधत माणसं येतात, कुणाला जन्मतारखेचा पुरावा हवा असतो, कुणाला जात पडताळणीसाठी उतारा. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात मराठवाड्यातल्या शाळांची जुनी रजिस्टरं पुन्हा पुन्हा उघडली गेली. ही रजिस्टरं लोखंडी कपाटात ठेवा, पानांचे फोटो काढून ठेवा, आणि मूळ प्रत कुणालाही घरी नेऊ देऊ नका, मग ती व्यक्ती गावात कितीही मोठी असो. नाव, जात, जन्मतारीख यांत वरिष्ठांच्या लेखी आदेशाशिवाय एक काना-मात्रासुद्धा बदलायची नाही. "बाई, एवढं एक अक्षर करा की" म्हणून गयावया करणारी माणसं खरोखर अडलेली असतात. त्यांना अर्जाचा मार्ग दाखवा, हवं तर अर्ज लिहून द्या, पण खाडाखोड करू नका.

जागेच्या कागदांकडेही पहिल्याच महिन्यात बघा. किती तरी शाळा गावातल्या कुणी तोंडी दिलेल्या जागेवर उभ्या आहेत. देणारा होता तोवर प्रश्न नव्हता. पुढे वाटण्या झाल्या की नातू कुंपण घालू देत नाही, आणि कागद नसेल तर नव्या खोलीचा प्रस्तावही अडतो.

## २. पहिल्या आठवड्यात लॉगिन आणि बँक

शाळेची आणि मुलांची माहिती भरायची यू-डायस प्लस आणि सरल ही पोर्टलं, पोषण आहाराचं ॲप, खर्चासाठी पीएफएमएस. या सगळ्यांना बहुतेक वेळा आधीच्या मुख्याध्यापकांचा मोबाईल क्रमांक जोडलेला असतो आणि ओटीपी त्यांच्याकडे जातो. ते नव्या शाळेत वर्गावर असतात, तुम्ही इथे स्क्रीनसमोर. चार्ज घेतला त्याच दिवशी, ते समोर असतानाच, क्रमांक बदलून घ्या. जमलं नाही तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या संगणकाच्या माणसाकडे शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक आणि चार्ज आदेशाची प्रत घेऊन जा. पासवर्ड एका वहीत लिहा आणि ती वही कुलपात ठेवा.

बँकेत सहीबदलासाठी लागतं ते: समितीचा ठराव, चार्ज आदेश, तुमचं आणि अध्यक्षांचं आधार-पॅन, फोटो. खात्यावर अध्यक्ष आणि सदस्य-सचिव म्हणून मुख्याध्यापक अशा दोघांच्या सह्या असतात, म्हणून अध्यक्षांना सोबत न्या. त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडणार असेल तर दिवस त्यांच्या सोयीने ठरवा.

## ३. कामाला दिवस ठरवून द्या

सकाळी दहा वाजता मोबाईलवरच्या गटात वरच्या कार्यालयाचा संदेश येतो: "तात्काळ, आज दुपारी बारापर्यंत माहिती द्यावी, माहिती नसल्यास निरंक कळवावे." तुम्ही तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवत असता. पहिलं वर्षभर मी फळ्याकडे पाठ करून मोबाईलवर आकडे भरले. मुलं शांत बसायची, त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

यावर मला सगळ्यात उपयोगी पडला एक तक्ता. एका मोठ्या कागदावर वर्गवार आणि मुलगे-मुली अशी पटसंख्या, सामाजिक प्रवर्ग, दिव्यांग मुलं, आधार असलेली-नसलेली, बँक खातं असलेली-नसलेली, स्थलांतरित कुटुंबातली मुलं, गणवेशाची मापं, खोल्या, शौचालयं, पाण्याचा स्रोत, वीज हे सगळं एकदा लिहून काढा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुरुस्त करा, कार्यालयाच्या भिंतीवर लावा आणि फोटो सगळ्या शिक्षकांच्या मोबाईलमध्ये ठेवा. विचारली जाणारी बहुतेक माहिती या एका कागदावरून पाच मिनिटांत जाते, आणि ती कुणीही पाठवू शकतं.

आठवड्याची घडी मी अशी बसवली होती. पोषण आहाराची नोंद रोज, मधल्या सुट्टीतच. ऑनलाइन कामं मंगळवारी आणि शुक्रवारी, शाळा सुटल्यावर. कीर्द शनिवारी. तालुक्याला जाणं महिन्यातून दोनदा, आणि जाताना शेजारच्या दोन शाळांचं टपालही घेऊन जायचं. पुढच्या वेळी ते आमचं नेत. दिवस तुम्ही तुमच्या सोयीने ठरवा, पण ठरवून भिंतीवर लावा, म्हणजे गावातल्या माणसांनाही कळतं की दाखल्याचा अर्ज कधी द्यायचा.

सोबतच्या शिक्षकांना कामं लेखी वाटून द्या. एकाकडे पोषण आहार, एकाकडे आधार आणि यू-डायस, एकाकडे ग्रंथालय आणि क्रीडा. तोंडी वाटलेलं काम परत फिरून तुमच्याकडेच येतं. मात्र वाटताना तुम्ही स्वतःकडे सगळ्यात किचकट काम ठेवा, मग बाकीचे मनापासून करतात.

अशैक्षणिक कामांबद्दल कायदा काय म्हणतो ते पाठच करा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून शिक्षकाला इतर अशैक्षणिक कामाला लावायला मनाई करतं. मतदार याद्यांच्या कामाबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सांगितलं की ते शिक्षकांकडून सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी, शिकवण्याची वेळ सोडून करून घ्यावं. काम अंगावर आलं तर भांडू नका. "दोनशिक्षकी शाळा, एक शिक्षक या कामी गेल्यास पाच वर्ग एका शिक्षकाकडे राहतात, कृपया शालेय वेळेबाहेर काम करण्याची परवानगी मिळावी" असं जावक क्रमांक घालून पत्र द्या. माझ्या अशा पत्रांपैकी निम्म्यांना काहीच उत्तर आलं नाही. उरलेल्या निम्म्यांनी बरेच दिवस वाचवले.

## ४. शिक्षक मिळवायचा तर सप्टेंबरआधी

संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर, ही ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. कायद्यातलं प्रमाण असं: साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. म्हणजे ६० आणि ६१ यांच्यात एक अख्खा शिक्षक आहे. आणि गेल्या काही वर्षांत आधार वैध नसलेली मुलं संचमान्यतेत धरली जात नाहीत, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

एका वर्षी आमचा पट ६४ होता. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तपासलं तर पाच मुलांचं आधार जुळत नव्हतं. दोघांच्या आधारवर आडनावाऐवजी आजोबांचं नाव, एकीची जन्मतारीख १ जानेवारी, आणि दोघांचं आधारच नाही. ६४ मधून पाच गेले की ५९. समितीच्या अध्यक्षांनी सरपंचांना गाठलं, आधार केंद्रवाल्याला एका रविवारी शाळेत बसवलं. सकाळी आठपासून आयांची रांग होती, एकीने तर पोराला शेतातून तसंच चिखलाच्या पायांनी आणलं. चौघांचं काम झालं. पाचव्या मुलाचा जन्मदाखलाच नव्हता, तो पुढे डिसेंबरात मिळाला. ६३ वर तिसरं पद टिकलं.

तुम्ही हे जुलैतच करा. प्रवेशाच्या वेळी जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून बघा. लहानपणी काढलेल्या आधारला पाचव्या वर्षानंतर बोटांचे ठसे द्यावे लागतात, हे पालकांना सांगा.

पद मंजूर आहे पण माणूस नाही, असं असेल तर दर महिन्याला गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र जाऊ द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ चा उल्लेख करा: शाळेतल्या रिक्त जागा मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त नकोत. तीन पदांच्या शाळेत एक जागा रिकामी म्हणजे थेट तेहतीस टक्के. नवी भरती पवित्र पोर्टलवरून होते, त्यावर आपला हात नाही, पण जवळच्या शाळेतून कामगिरीवर, म्हणजे तात्पुरता, शिक्षक देण्याचा आदेश तालुक्याला काढता येतो. कुणाला कुठे पाठवायचं याची चर्चा होते तेव्हा ज्यांची पत्रं फाईलला असतात त्यांचं नाव पुढे येतं.

तोवर वर्ग चालवायचे कसे? पहिली-दुसरी एकत्र, तिसरी ते पाचवी एकत्र बसवा. एका गटाला समोर शिकवताना दुसऱ्या गटाला हाताने करायचं काम द्या: काड्यांचे दशक, शब्दपट्ट्या, मोठ्याने वाचन. जवळच्या अध्यापक विद्यालयाला पत्र देऊन छात्राध्यापकांची आंतरवासिता आपल्या शाळेत मागा. गावातले निवृत्त गुरुजी, शिकलेल्या सुना आठवड्यातून दोन तास गोष्ट सांगायला येतात, फक्त कुणी तरी बोलवायला हवं. मात्र समितीचा ठराव करून बोलवा आणि बाहेरच्या माणसाकडे वर्ग एकटा सोपवू नका. पैसे देण्याचं कबूल करून कुणाला ठेवू तर मुळीच नका. ते पैसे पुढे तुमच्या खिशातून जातात.

ऊसतोडीच्या पट्ट्यात असाल तर आणखी एक. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघाल्या की वर्ग निम्मा होतो. मुलं आजी-आजोबांकडे गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव द्यायचा असतो. मुलांची यादी आणि समितीचा ठराव ऑगस्टमध्येच तयार ठेवा, ऑक्टोबरात धावपळ करून उपयोग होत नाही. आई-बापाबरोबर जाणाऱ्या मुलाच्या हातात शिक्षण हमी कार्ड (तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून असतं ते) द्या आणि जिथे जाणार त्या गावच्या शाळेला एक फोन करा. कार्डापेक्षा तो फोन जास्त काम करतो.

## ५. समिती आधी, पैसा नंतर

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. सह्यांपुरत्या बैठका घेतल्यात तर समिती तुमच्या गळ्यातलं आणखी एक रजिस्टर होते. मी बैठक संध्याकाळी सातला, देवळाच्या पारावर घ्यायला लागले तेव्हा बाया यायला लागल्या, कारण दिवसा त्या रानात असत. एका आईने दर गुरुवारी आहाराची चव घ्यायचं स्वतःहून पत्करलं. तिने पहिल्याच दिवशी डाळीत पाणी जास्त आहे असं नोंदवहीत लिहिलं, आणि पुढच्या आठवड्यात डाळ घट्ट झाली.

पैशांचं थोडक्यात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: तीसपर्यंत १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००. यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो, म्हणजे २५,००० मधले २,५०० हात धुण्याचा साबण, फिनेल, टाकीची सफाई यांचे. पैसा आता शाळेच्या खात्यात पडून राहत नाही, शून्य शिलकीच्या खात्यावर खर्चाची मर्यादा येते आणि आर्थिक वर्ष संपलं की ती जाते. म्हणून खरेदीची यादी, समितीचा ठराव आणि कोटेशनं डिसेंबरातच तयार ठेवा. अनुदान मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आलं तरी तुम्ही दोन दिवसांत मोकळे होता. वीजबिल आधी भरा. पंखे आणि टीव्ही असूनही मीटर कापलेली शाळा मी पाहिली आहे.

स्वतःच्या खिशातून खर्च करून नंतर काढून घेऊ, हा मोह टाळा. पावती शाळेच्या नावाची हवी आणि तारीख ठरावानंतरची हवी.

मोठ्या गोष्टींसाठी ग्रामपंचायतीकडे जा. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी असतो, त्यातून शौचालयाची दुरुस्ती, हात धुण्याची जागा, पाण्याची टाकी बसते. त्यासाठी शाळेची मागणी ग्रामपंचायत विकास आराखड्यात यायला हवी. आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होते, त्या ग्रामसभेत समितीच्या आयांनाच बोलू द्या. केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर यू-डायस क्रमांकाने नोंदणी केली की वस्तू आणि स्वयंसेवक दोन्हींची मागणी टाकता येते. देणगी मिळाली की त्याच दिवशी डेडस्टॉकला नोंद करा आणि देणाऱ्याला पोच द्या.

## ६. पोषण आहार

प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. पन्नास मुलं जेवली तर पाच किलो. हा हिशेब हजेरीशी रोज जुळला पाहिजे. पंचवीस मुलांपर्यंत एक स्वयंपाकी-मदतनीस, २६ ते १०० ला दोन. वाढण्याआधी मोठ्या माणसांनी चव घ्यायची आणि लिहायची, त्यात एक शिक्षक हवाच. आठवड्याची नोंद शनिवारी एकदम भरण्याची सवय लावून घेऊ नका. मानधन उशिरा येतं तेव्हा स्वयंपाकीताईंसाठी पत्र लिहिणारं तुमच्याशिवाय कुणी नसतं, ते लिहा.

## ७. तुम्ही नसाल तेव्हा

रजेवर, प्रशिक्षणाला, आजारी पडलात तर शाळा अडू नये. ज्यांच्याकडे त्या दिवशी चार्ज असेल त्यांचं नाव हालचाल रजिस्टरला लिहा. केंद्रातल्या चार-पाच प्रभारींनी मिळून एक छोटा गट करा, शिक्षण परिषदेनंतर (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीनंतर) अर्धा तास थांबा. मला उपयोगिता प्रमाणपत्र भरायला शेजारच्या शाळेतल्या सरांनी शिकवलं, त्यांना सरल मी दाखवलं.

आणि चार्ज घेतलात त्याच आठवड्यात पुढे कधी तरी चार्ज देण्याची फाईल उघडा. पहिल्या पानावर लॉगिनची वही कुठे आहे ते, दुसऱ्यावर अर्धवट राहिलेली कामं तारखेसह, तिसऱ्यावर उपयोगी माणसं: टाकी साफ करणारा, वायरमन, आधारवाला, पावसात ओढा भरला तर मुलांना पलीकडे सोडणारा. चाव्यांच्या जुडग्यात प्रत्येक चावीला पुठ्ठ्याचा तुकडा सुतळीने बांधा आणि त्यावर लिहा: कोठी, कार्यालय, कपाट, गेट. मला मिळालेल्या जुडग्यात सतरा चाव्या होत्या आणि कुलपं सहा.